इंदूर: चौदा वर्षांखालच्या पोरांच्या जर्सीवर एनर्जी ड्रिंक घ्यायचं का?

रामबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची टेनिस-बॉल स्पर्धा दरवर्षी मे महिन्यात इथल्याच एका शाळेच्या मैदानावर होते, दोन गट असतात, खुला आणि चौदा वर्षांखालचा. खर्च आतापर्यंत कसाबसा निघायचा, थोडी वर्गणी, थोडं नमकीनवाल्यांकडून, ट्रॉफ्या एक चष्म्याचं दुकान द्यायचं. यंदा एका एनर्जी ड्रिंकच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस स्वतःहून आला. सगळ्या टीमना जर्सी, बाउंड्रीभर फ्लेक्स, ट्रॉफ्या, कॅश प्राइझ, शिवाय मैदानावर काचेचा फ्रीज ठेवणार आणि मॅच झाली की खेळलेल्या प्रत्येकाला एक बाटली फुकट. बदल्यात स्पर्धेच्या नावाआधी त्यांचं नाव लागेल. ब्रँड कोणता ते मुद्दाम लिहीत नाहीये, भांडण त्या एका ब्रँडशी नाही.

कमिटीत बहुतेक जण खूश आहेत. मी त्या माणसाला म्हटलं की खुल्या गटाला द्या, लहान पोरांचं आम्ही बघून घेऊ. तर तो सरळ म्हणाला, साहेब, लहानांचा गट नसेल तर आम्हाला यात फारसा इंटरेस्ट नाही, पोरं असतात तिथे घरचे येतात, फोटो निघतात. मला तिथेच खटकलं. ज्या बाटलीवर लहान मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं त्याच बाटलीवाल्याला आमची बारा-तेरा वर्षांची पोरंच हवीयेत. रविवारी मीटिंग आहे. मला विरोध करायचाय पण नीट माहिती घेऊन करायचाय, नुसतं "हे वाईट असतं" म्हटलं तर कोणी ऐकणार नाही. तुमच्याकडे काय अनुभव आहेत, लिहा.

सुदामानगर

भिया घेऊन टाका. जर्सीचे भाव बघितलेत का? पोरांना एका रंगाचे कपडे मिळतात तर मिळू द्या. बाटली नको तर पिऊ नका, कोण जबरदस्ती करतंय.

ग्रिडची_पहिली_रांग

या विषयावर लिहायची बरीच दिवसांची इच्छा होती म्हणून जरा लांबतोय.

मी फॉर्म्युला वनचा पक्का फॅन आहे. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर रेस झाली तेव्हा इंदूरहून मुद्दाम गेलो होतो. भारतात तीनच ग्रांप्री झाल्या, २०११, २०१२, २०१३, आणि तिन्ही वेटेलने रेड बुलच्या गाडीत जिंकल्या, २०१३ ला तर त्याने चौथं विजेतेपद इथेच पक्कं केलं आणि मुख्य स्ट्रेटवर गाडी गोल गोल फिरवून खाली उतरला. त्या स्टँडमध्ये बसलेल्या कोणाला विचारा, गाडीवरचा तो लाल बैल त्याला अजून डोळ्यासमोर दिसतो. म्हणजे मी जे लिहितोय ते या कंपनीच्या खेळातल्या कामाचा आदर ठेवूनच.

रेड बुलची गोष्ट अशी की डीट्रिख माटेशिट्झ नावाचा ऑस्ट्रियन माणूस टूथपेस्टच्या कंपनीत मार्केटिंग करायचा. १९८२ ला थायलंडला गेला, तिथे क्रेटिंग डेंग नावाचं पेय ट्रकवाले आणि मजूर पीत असत, ते त्याने प्यायलं आणि बनवणाऱ्या चलिओ यूविद्या यांच्याबरोबर १९८४ ला कंपनी काढली. दोघांचे ४९-४९ टक्के, उरलेले २ टक्के चलिओंच्या मुलाचे. १९८७ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियात पहिला कॅन विकला गेला. आता गंमत बघा, कॅन भरायचं काम ही कंपनी स्वतः करत नाही, ते राउख नावाची फळांच्या रसाची कंपनी करते. मग रेड बुल स्वतः करते काय? तर खेळ. २०२४ साली १२०० कोटींहून जास्त कॅन विकले गेले, एवढे कॅन काही चवीमुळे जात नसतात.

बाकी कंपन्या टीमला पैसे देऊन स्टिकर लावतात. यांनीही १९९५ पासून साउबर टीमच्या गाडीवर स्टिकर लावून पाहिला, मग २००४ च्या शेवटी फोर्डकडून जॅग्वार टीमच उचलली, किंमत नावाला एक डॉलर, अट ही की टीमवर पुढे खर्च करायचा. पुढच्याच वर्षी मिनार्डी घेऊन दुसरी टीम उभी केली. २०२३ ला २२ पैकी २१ रेस जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या व्हेरस्टापेनच्या. आणि १४ ऑक्टोबर २०१२ आठवतोय? स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर जवळपास ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारतो आणि यूट्यूबवर एका वेळी ८० लाख लोक लाइव्ह बघतायत. बातम्यांत, पेपरात सगळीकडे तो बैल, आणि जागा विकत न घेता, कारण घटनाच त्यांची. जाहिरात असली की आपण चॅनेल बदलतो हो, पण इथे जाहिरात आणि खेळ वेगळे काढताच येत नाहीत.

रामबागकर, तुमच्या नावाच्या मुद्द्यासाठी साल्झबर्गचं उदाहरण घ्या. २००५ ला यांनी ऑस्ट्रिया साल्झबर्ग हा जुना फुटबॉल क्लब घेतला. क्लबचा रंग पिढ्यान्‌पिढ्या जांभळा. नाव बदललं, चिन्ह बदललं, रंग लाल-पांढरा झाला. चाहते विनवण्या करत राहिले की निदान रंग तरी ठेवा, शेवटी त्यांनी जुन्या नावाने वेगळा क्लब काढला आणि सगळ्यात खालच्या डिव्हिजनपासून सुरुवात केली. पुढे जर्मनीत लाइपझिगला क्लब उभा केला, तिथे तर नियमानुसार क्लबच्या नावात कंपनी चालत नाही, म्हणून आर आणि बी ही दोन अक्षरं येतील असं नाव शोधून काढलं. टीम चांगली झाली, खेळाडू घडले, सगळं खरं. पण नाव एकदा दिलं की परत मिळत नाही. तुमच्या स्पर्धेचं नाव कोणाच्या स्मरणार्थ आहे ना?

रामबागकर

हो, आमच्या मंडळाच्या जुन्या कप्तानाच्या नावाने आहे. त्यांच्या घरचे बक्षीस समारंभाला येतात. नावाआधी ब्रँड लागणार म्हटल्यावर त्यांना काय वाटेल हे कमिटीत कोणी विचारलंच नाही, हा मुद्दा मी पहिला मांडणार. खूप धन्यवाद.

भंवरकुआं_२२

मी कोचिंगसाठी भंवरकुआंला राहतो त्यामुळे खरं सांगतो. रेड बुल इथे कोणी पीत नाही, सव्वाशेचा कॅन कोणाला परवडतो. लाल रंगाची वीस रुपयांची बाटली, स्टिंग, ती चालते. कोचिंगच्या परीक्षांची टेस्ट सिरीज असली की रात्री अकराला टपरीवर चहा संपतो आणि मग फ्रीज उघडतात. स्टिंग पेप्सिकोचं आहे आणि २०२५ ला त्यांनी पण फॉर्म्युला वनशी करार केला, २०३० पर्यंत ऑफिशियल एनर्जी ड्रिंक. म्हणजे रेसच्या ट्रॅकवर दिसणारं नाव आणि आमच्या टपरीवरची वीसची बाटली एकच. माझ्या रूमवरचा एक मुलगा रेस कधी बघत नाही पण बाटलीवर गाडी आली म्हणून त्याला सगळ्या टीम माहीत झाल्या.

ग्रिडची_पहिली_रांग

बरोबर, आणि त्याच करारातली दुसरी गोष्ट बघ. पेप्सिकोने स्टिंगबरोबर गॅटोरेड हे स्पोर्ट्स ड्रिंक पण आणलंय फॉर्म्युला वनमध्ये. एकाच कंपनीने घाम गाळणाऱ्यासाठी वेगळी बाटली ठेवलीय आणि "एनर्जी"साठी वेगळी. कंपनीला फरक नीट माहीत आहे. आपल्या मैदानावर मात्र फ्रीज येतो तो दुसऱ्या बाटलीचा.

आहारताई

मी आहारतज्ज्ञ आहे, इंदुरातच काम करते. रामबागकर, तुम्ही माहिती घेऊन बोलायचं म्हणताय हे फार बरं वाटलं, कारण या विषयात दोन्हीकडून अतिशयोक्ती होते.

आधी आकडे. आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. एक कप चांगली कॉफी साधारण तेवढीच. म्हणून एका बाटलीने मूल दवाखान्यात जाईल वगैरे मीटिंगमध्ये सांगू नका, कोणीतरी कॉफीचं उदाहरण देईल आणि तुमचा सगळाच मुद्दा पडेल.

खरा प्रश्न वजनाचा आणि दुसऱ्या बाटलीचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक धरलंय. तुमच्या चौदाखालच्या गटात ३५ किलोचं पोर असेल तर १०५ झालं. सकाळचा चहा, मॅचनंतर एक फुकट बाटली, स्पर्धेत दुसरी मॅच असली की आणखी एक. दोन बाटल्यांतच १५० होतात. आणि संध्याकाळी पाचला प्यायलेलं कॅफिन रात्री दहाला साधारण निम्मं अंगात असतं, मग झोप नाही आणि सकाळी पुन्हा मॅच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ लाच स्पष्ट म्हटलंय की मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही. आणि आपल्या बाटलीवर तरी काय लिहिलंय? लहान मुलं, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायका, कॅफिन सोसत नाही अशी माणसं, यांच्यासाठी नाही. दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. हे कंपनीने स्वतःच छापलेलं आहे. मीटिंगला बाटली घेऊन जा आणि तेवढंच वाचून दाखवा.

आता खेळाचं. मोठ्या खेळाडूला कॅफिनचा उपयोग होतो हे खरं आहे, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २००४ ला ते बंदीच्या यादीतून काढलंय. पण मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना पोराच्या अंगातून जातं ते पाणी आणि मीठ. ज्या पेयात शंभर मिलीला ११ ग्रॅम साखर असते ते पोटात रेंगाळतं, मळमळतं, आणि मीठ हवं तेवढं नसतंच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. चमचे मोजून घाला, अंदाजाने नको. तोच तुमचा स्पोर्ट्स ड्रिंक.

जुना_ऑफस्पिनर

मी पोरांना शिकवतो, नेहरू स्टेडियमच्या बाजूला. ताईंनी मळमळ म्हटलं म्हणून लिहितो. गेल्या उन्हाळ्यात माझा एक विकेटकीपर, तेरा वर्षांचा, सकाळी काही न खाता आला होता आणि वॉर्मअपच्या आधी एक अख्खी बाटली गटागट प्यायला. कोणती ते सोडा. जीभ लालभडक झालेली. सहाव्या ओव्हरला त्याने ग्लोव्ह काढले आणि साइटस्क्रीनच्या मागे जाऊन सगळं उलटून टाकलं. हात थरथरत होते त्याचे, पॅड सोडता येईना. मी विचारलं कशाला प्यायलास रे, तर म्हणाला, सर, प्लेअर लोक पितात ना. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याने बघितलेलं होतं.

आता क्रिकेटर स्मृती मानधनाचंच घ्या. आपल्या सांगलीची पोरगी, मला तिच्या कव्हर ड्राइव्हइतकं सुंदर आज काही दिसत नाही. २०२५ च्या वर्ल्ड कपला होळकर स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध तिने ८८ केले, आपण चार रनने हरलो, माझ्या अकादमीतल्या मुली स्टँडमध्ये रडत होत्या. ती रेड बुलची खेळाडू आहे, के. एल. राहुलही आहे. त्यात गैर काही नाही, मोठी माणसं आहेत, व्यावसायिक आहेत. पण माझी बारा वर्षांची मुलगी बॅटची ग्रिप जशी तिच्याकडे बघून धरते तशीच बाटलीही धरणार. कंपनी पैसे मोजते ते याच्यासाठीच तर.

सुदामानगर

काका तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तरी माझा प्रश्न तसाच राहतो हो, पैसे कोण देणार? मी दोन वर्षं स्पर्धेचा हिशोब बघितलाय. पावत्या घेऊन दारोदार फिरायला कमिटीतले चारच जण असतात, बाकी सगळे फायनलला फोटोत. खेळाला कोणीतरी आश्रय देणारा लागतोच. सीके नायडूंना होळकरांनी इंदुरात आणलं म्हणून तर होळकर टीम चार वेळा रणजी जिंकली. आज महाराजे नाहीत तर कंपन्या आहेत.

जुना_ऑफस्पिनर

पैशाचा प्रश्न रास्त आहे, त्याला हलकं समजू नये. पण ९६ चा वर्ल्ड कप आम्ही विल्स वर्ल्ड कप म्हणून बघितला. भारताच्या टीमच्या शर्टवर सिगारेटचं नाव होतं आणि तेव्हाही हेच म्हणायचे, हे गेले तर क्रिकेटला पैसा कुठून येणार. २००१ ला विल्सवाली आयटीसी बाहेर पडली, सहारा आली. २००३ ला कायदाच झाला, तंबाखूच्या नावाने खेळाला स्पॉन्सरशिप बंद. क्रिकेटमधला पैसा त्यानंतर कमी झाला का वाढला, तुम्हीच सांगा. परवा २०२५ ला टीमच्या शर्टवरून ड्रीम इलेव्हन गेलं, महिन्याभरात टायरवाले आले. मी एनर्जी ड्रिंकला सिगारेटच्या जागी बसवत नाहीये, पण स्पॉन्सर गेला की खेळ बुडतो ही भीती दर वेळी खोटी ठरलीय.

बडोदेकर_मावशी

आमच्याकडून थोडं. बडोद्यात दांडिया बाजारात व्यायामशाळेच्या आसपास वाढलेली माणसं आम्ही, माझे वडील तालमीतून आल्यावर भिजवलेले हरभरे आणि दूध घ्यायचे. आता माझा नातू कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर मॅच बघायला गेला की परत येताना हातात बाटली असतेच. मी रागावत नाही, लेबल वाचायला लावते. एकदा वाचल्यावर त्यानेच विचारलं, आजी, मुलांसाठी नाही लिहिलंय तर मला दुकानदाराने दिली कशी? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

स्नेहलतागंज_किराणा

उत्तर मी देतो मावशी, माझंच दुकान आहे. वय विचारायचा कायदा आपल्याकडे नाही म्हणून देतात. पोलंडमध्ये २०२४ पासून अठराच्या खाली विकताच येत नाही, लिथुआनियात २०१४ पासून. महाराष्ट्रात जुलै २०२४ ला विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळेच्या ५०० मीटरच्या आत विक्री बंद करू म्हणून सांगितलं होतं. आमच्याकडे फ्रीज कंपनीचा असतो, त्यात वरच्या दोन रांगा त्यांच्याच मालाच्या ठेवायच्या असतात, आणि त्या बरोबर दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर येतात. मी माझ्यापुरतं शाळेच्या गणवेशातल्या पोराला देत नाही. धंद्यात त्याने माझं काही अडलेलं नाही. मैदानावरचा फ्रीज तर त्याहून वाईट, तिथे पैसे पण द्यायचे नाहीत.

कोर्टकचेरी

रामबागकर, तुम्ही मैदान शाळेचं आहे म्हणालात ते महत्त्वाचं आहे, सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. एफएसएसएआयचे २०२० चे शाळांतल्या मुलांच्या आहाराचे नियम आहेत. जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरात करायची नाही, आणि फुकट वाटणंसुद्धा त्यात धरलेलं आहे. सुट्टीत शाळा बंद आहे वगैरे वाद कोणी घालेल, पण आवार शाळेचं आणि समोर पोरं शाळकरी. तुम्ही मुख्याध्यापकांना एक साधं पत्र देऊन विचारा की फ्रीज आणि फ्लेक्सला शाळेची लेखी परवानगी आहे का. माझ्या मते कोणी सही करणार नाही.

सुदामानगर

हे माहीत नव्हतं. मग फ्रीजचा विषय संपलाच. फुकट वाटपाचं नियमातच असेल तर मी पण मीटिंगमध्ये रामबागकरांच्या बाजूने बोलतो. पण मग वर्गणीला फिरायला या सगळ्यांनी, एवढं कबूल करा.

रामबागकर

मीटिंग झाली, कळवतो. पत्र शनिवारीच दिलं होतं, शाळेने मैदानावर कोणत्याही पेयाचा फ्लेक्स किंवा फ्रीज चालणार नाही असं लेखी दिलं. बाटली नेली होती, ताईंनी सांगितल्याप्रमाणे फक्त लेबल वाचलं. कप्तानांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं, त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला की वडिलांच्या नावाआधी काही लावू नका. त्यानंतर फार वाद झालाच नाही. डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर तो खुल्या गटालाही नाही म्हणाला, म्हणजे त्याला काय हवं होतं ते स्पष्टच झालं. कॅश प्राइझ यंदा कमी होणार, दोन-तीन टीमची नाराजी आहे, ती आहेच. लहान गटाच्या जर्सीसाठी चष्मेवाले आणि एक टिफिनवाल्या ताई मिळून अर्धा खर्च देतायत, उरलेल्यासाठी पावत्या छापायला टाकल्या. सुदामानगर, पहिली पावती तुमची.

लिंबू-साखर-मिठाचं पाणी दोन्ही मैदानकडांना ठेवायचं ठरलंय. पाण्याचे कॅम्पर कमी पडतायत, कोणाकडे असतील तर सांगा.

स्नेहलतागंज_किराणा

कॅम्पर माझ्याकडे दोन आहेत, साखर-मीठ पण माझ्याकडून. पहिल्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी पोरगा रिक्षाने पोचवेल, मैदानावर कोणाला भेटायचं ते सांगून ठेवा.